उजवीकडं घेतलेलं स्टेरिंग

प्रिय दत्तू,

थोरल्यानं धाकट्याला पत्र लिहायचं म्हणजे वर 'चिरंजीव' घालायचं असतं. सवयीनं 'चि' काढला आणि हात तिथंच थांबला. मग कागद बदलला. आता काय लिहायचं तुला? प्रिय लिहिलंय. हे मी तुला कधी म्हटलं नव्हतं, हसू नकोस.

आज खांदेमळणी. उद्या पोळा. परवा बशीर मिस्त्री भूमहून येतो म्हणालाय. त्याला काय सांगायचं ते मला ठरवता येईना, म्हणून लिहायला बसलो. तू असताना तरी तुला विचारल्याशिवाय मी काही ठरवलं होतं का? आणि तू मात्र मला न विचारता सगळं करून मोकळा व्हायचास!

तुझी मिलिटरी गाडी लिंबाखाली तशीच उभी आहे. बॉनेट उघडं होतं, त्यावर मी पोतं टाकलं. पाऊस आला की उठून बघतो, पोतं उडालं का. वारा आला की बघतो. काही नसलं तरी बघतो. तुला माहीतच आहे माझा स्वभाव.

लढाईवरून आलास आणि लिलावातली ती हिरवी लारी घेऊन आपल्या ईट गावात शिरलास, तेव्हा मी म्हटलं होतं, "दत्तू, हे लोखंडाचं जनावर आपल्या दारात कशाला?" तू म्हणालास, "आण्णा, ह्येची चारी चाकं वडत्यात. वढ्यातनं निघंल, चिखलातनं निघंल." आणि निघालीच की! यष्टी जिथं तोंड फिरवायची तिथून तू ज्वारीची पोती काढलीस, लग्नाची वऱ्हाडं काढलीस.

किती बदललंस रे तिला! फाटकी ताडपत्री काढून वर लाकडी साटा चढवला. फळ्या मी तासल्या. चाकांवरच्या कमानींच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवलास, दोर बांधायला कड्या ठोकल्यास. मी आपला शेजारी उभा राहून म्हणायचो, वजन लई होतंय, कमान तुटंल, पोलीस धरतील. तू म्हणायचास, "आण्णा, तुमी भ्या, तवर म्या खिळा मारतो."

पण एक गोष्ट तशीच राहिली होती. गाडी परदेशी लष्कराची, तिचं स्टेरिंग डाव्या हाताला. आपल्याकडं सगळ्यांचं उजवीकडं. त्यामुळं पुढं बैलगाडी असली की तिच्या पलीकडनं काय येतंय ते तुला दिसायचंच नाही. ते बघायला उजवीकडं मी. तू म्हणायचास, "आण्णा, बगा." मी मान बाहेर काढून म्हणायचो, "थांब... थांब... आता ये!"

"तुमचं थांब लई लांब आसतंय," असं म्हणून तू हसायचास. "तुमच्या मतानं चाललो तर ह्या बैलांच्या मागं मागं उस्मानाबादला पोचू."

दत्तू, माझ्या भित्रेपणाचा जन्मात कुणाला उपयोग झाला असेल तर तो तुझ्या त्या गाडीत. बायको लवकर गेली, पोरबाळ नाही, शाळेत चार इयत्ता उर्दू शिकलो ती सरकार बदललं आणि वाया गेली. पण त्या बैठकीवर बसलो की मी कामाचा माणूस होतो. तू सगळा रस्ता माझ्या डोळ्यांवर सोडला होतास.

मग ती फरशीवरची गोष्ट घडली. वढ्यावरचा अरुंद फरशीचा पूल, समोरून भरलेली लारी आली आणि आपल्याला घासून गेली. माझ्या बाजूची फळी सोलून निघाली. त्याच घटकेला मी तंबाखूची चंची काढायला हात आत घेतला होता म्हणून कोपर वाचलं. तू गाडी थांबवलीस, माझा हात धरून उलटासुलटा बघितलास आणि गाडी हळूहळू घरी आणलीस.

दुसऱ्या दिवशी बघतो तर तू स्टेरिंग उपटून काढलेलं! दांडी अंगणात, पेटी अंगणात, उजव्या बाजूचा पत्रा कापलेला.

"काय चाललंय?"

"उजवीकडं घेतोय."

"मग मी काय करायचं?"

"बसा की निवांत."

निवांत! तो शब्द मला असा लागला की सांगता येत नाही. वाटलं, माझा डोळा चुकला म्हणून ह्यानं मला कामावरून काढलं. मी अंगणात यायचं सोडलं. ओट्यावर बसून नुसता हातोडा ऐकायचो. बशीर मिस्त्रीशी तू मोठमोठ्यानं बोलायचास, ते मला ऐकवायलाच, असं वाटायचं. ये म्हणून एकदा हाक मारली असतीस तर? पण तूही तसलाच हट्टी.

आणि मग तुला ताप चढला. वढा भरलेला. गावातल्या कुणाला कधी अडू न देणारी गाडी दारात, आणि तिला स्टेरिंग नाही! तुला बैलगाडीत घालून लांबच्या वाटेनं भूमला नेलं. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. चाक दगडावर चढलं की मी गाडीवानाला म्हणत होतो, हळू, हळू. तू डोळे मिटूनच म्हणालास, "आण्णा, जाऊ द्या की जोरात." तेवढंच. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा बोलायला तू नव्हतास.

तेव्हापासून तुझ्यावर राग धरून आहे, खोटं कशाला बोलू? कशाला काढलंस ते स्टेरिंग? ते जागेवर असतं तर बशीरनं गाडी चालवून तुला वेळेत पोचवलं असतं. गाडी डोळ्यांसमोर नको म्हणून बार्शीचं गिऱ्हाईकही बघितलं. ते म्हणतंय, होतं तिथंच, डावीकडं बसवून द्या, नेतो. बशीर मला दोनदा विचारून गेला, "बोला आण्णा, डावीकडं का उजवीकडं?" दोन्ही वेळा मागनं सांगतो म्हणून त्याला वाटेला लावलं.

आज सकाळी तुझी शेवंता अंगणात आली. हातात लोणी-हळदीची वाटी. घरी बैल उरले नाहीत म्हणून तूच पाडलेली ही रीत! गावानं बैलांचे खांदे मळायचे आणि तू गाडीचा पुढचा आख मळायचास, वर तिला आवतणही द्यायचास. मी चिडायचो, बैलाची थट्टा करतोस म्हणून.

तिनं वाटी चाकाजवळ ठेवली आणि मागं सरकली. "भावजी, तुमी मळा. माझ्या हातानं न्हाय चालायचं आता."

"विकायची गाडी. तिला कशाला मळायची?"

"विकायची म्हून उपाशी ठिवायची व्हय?"

मी उठलो खरा, पण तो कापलेला पत्रा दिसला आणि तोंडून निघून गेलं, "माझ्या डोळ्यावरचा भरवसा उडाला त्याचा. न्हायतर हे काढलंच नसतं."

ती बघतच राहिली माझ्याकडं. "आसं कुणी सांगितलं तुमास्नी? त्या दिशी घरी आले ते जेवले न्हाईत. म्हणले, समोरनं येणाऱ्या गाडीच्या तोंडाला म्या इतकी सालं आण्णाला बसवतोय, आन् मला कळलं न्हाय. स्टेरिंग उजवीकडं घेतो. काय यायचं ते माझ्या अंगावर येऊ द्या."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं आसतं तर तुमी जल्मात त्या गाडीत बसला आसता का?"

खरं आहे. नसतो बसलो!

दत्तू, जगाची काळजी मी करतो अशी माझी समजूत, आणि माझी काळजी तू करत होतास, तीही हसत. आणि त्या काळजीपायीच गाडी उघडी पडली होती. हे मी कुठं ठेवू? तुझ्यावर राग होता तोवर बरं होतं रे, राग घरात सोबतीला असायचा. आता तोही गेला. घर केवढं मोठं झालंय.

खाली बसून पुढचा आख मळला. गंज आलाय थोडा. आजूबाजूच्या दावणींवरनं लोकांची आवतणं ऐकू येत होती. शेवंता माझ्याकडं बघत उभी. मग मीही म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." कुणी हसलं नाही. तू असतास तर हसला असतास.

आता ऐक. बार्शीच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवतो. परवा बशीर आला की त्याला सांगतो, उजवीकडं बसव, दत्तूनं पत्रा कापलाय तिथंच. गाडी तो चालवायला तयार आहे, म्हणजे शेवंताची चूलही त्यावर पेटेल. आणि मी डावीकडं बसेन, तू ठरवलं होतंस तसा.

त्या बाजूचे मैलाचे दगड मी कधी धड बघितलेच नाहीत. माझी नजर सदा समोरच्या गाडीवर. आधी उर्दूत होते, मग मराठीत रंगवले, तेही तूच ओरडून सांगायचास, "आण्णा, भूम आलं!" आता मी वाचेन. समोरून काय येतंय ते मला तिथून दिसणार नाही. तरी बसेन, दत्तू. दगड आला की मोठ्यानं वाचेन, बशीर हसला तरी.

तुझा,
आण्णा