देवीकडे पाठ

११ नोव्हेंबर, अकोला
यांना अजून शुद्ध नाही. फुलांचं पोतं घेऊन अमरावतीला परत निघाले होते, इथेच गाडीवरून पडले. डोक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, वाट पाहा.
वर्षालीचा सासरहून फोन — "आई, देवाले हात जोड." जोडते गं बाई! पण जमतच नाही. जन्मभर अंबादेवीच्या दारात हार विकले. तोंड गिऱ्हाइकाकडे, पाठ देवीकडे. आता कोणत्या तोंडानं मागू?

१२ नोव्हेंबर
दवाखान्यात जिन्याखाली छोटासा गणपती आहे. गेले. डोळे मिटणार, तोच त्याच्या गळ्यातला हार दिसला. इतका सैल! झेंडू सगळा एका बाजूला घसरलेला. हात आपोआप पुढे गेला. हार काढला, गाठ सोडली, बसले नीट ओवत.
वॉचमन मोतीराम धावत आला. "ओ बाई, देवाचा हार काहून काढून राह्यल्या?"
"सैल व्हता ना!"
"तुमचा मानूस वर बेशुद्ध, अन् तुमाले हाराची पडली!"
मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रार्थना राहिलीच.

१३ नोव्हेंबर
आज केली. अशी — "देवा, यांना बरं कर, रोज मोठा हार घालीन. बरं, दोन घालीन." आणि वर त्यालाच विचारलं, "शेवटचं सांग!" भाजीबाजारात उभी आहेस का गं जयवंता? देवसुद्धा हसला असेल.

१४ नोव्हेंबर
यांना ताप चढला. भीती वाटते.

१५ नोव्हेंबर
मोतीरामनं घरची शेवंती आणून दिली. "घ्या, ओवा. नाही तर पुन्हा देवाच्या गळ्याले हात घालसान!"
जिन्याखाली बसले. ओवता ओवता कधी बोलायला लागले, कळलंच नाही. नवस नाही, सौदा नाही. यांचं घोरणं सांगितलं. माझ्यावर चिडले की गाईशी बोलत बसतात, ते सांगितलं. एकटीनं घरी जायची भीती वाटते, तेही सांगितलं. खूप रडले. इतकी फुलं हाताळणारी बाई, पण देवापुढे शेंबूड पुसायला रुमाल नाही! पदरानंच पुसला.
उठले तेव्हा छाती हलकी झाली होती. कोणीतरी ऐकत होतं. वर ताप तसाच आहे. तरी आज पोटभर जेवले.

१७ नोव्हेंबर
यांनी डोळे उघडले! कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कोन व्हय तुमी?"
कसंबसं म्हटलं, "फुलवाली."
"माही बायको बी फुलंच इकते. भल्ली घाबरट हाय. तिले सांगजा, मी बरा हाय म्हनून."
सांगते, म्हटलं.