शेवटची पाटी

१८ जानेवारी १९७५, शनिवार. रिठद

बाने अंगठा लावला. झालं! आता जावंच लागणार.

संमतीपत्रक मीच वाचून दाखवलं. चार दिवसांची सायकल सहल, सात मुली, सोबत मुळे बाई, वाटाड्या कॉलेजचा चपराशी पुंजाजी. मुक्काम कुठे, जेवण कुठे, सगळं वाचलं. फक्त शेवटची ओळ गाळली — 'अपघात झाल्यास जबाबदारी पालकाची राहील.' ती ऐकली असती तर मायने पाठवलंच नसतं.

बाने विचारलं, "इतकंच हाय काय?" मी म्हटलं, "इतकंच." त्याने अंगठ्याची शाई धोतराला पुसली. "मले वाचता येत नाही म्हणून तर तुले शिकोलं. तू वाचलं म्हणजे म्याच वाचलं."

तेव्हापासून एकच घोळतंय. ओळ गाळणं म्हणजे खोटं बोलणं का? तोंडातून खोटा शब्द तर एकही गेला नाही. 'इतकंच' हा गेला!

२० जानेवारी, सोमवार. वाशीम, वसतिगृह

यंदा जगभर महिलांचं वर्ष आहे, म्हणून प्रिन्सिपॉल साहेबांनी मुलींची सहल काढली. वाट पुंजाजीमामांनी सुचवली. मंगरूळपीरच्या अंगाला पूर्वी खडी वाहणारी रेल्वेची छोटी लाईन होती. पासष्टच्या लढाईच्या दिवसांत रूळ उचलून नेले, मातीचा बांध तेवढा राहिला. त्यावर ना ट्रक, ना एस.टी. मामा तेव्हा रेल्वेच्या मजुरांच्या टोळीत होते. ते रूळ त्यांनीच स्वतःच्या हातांनी उचलले.

रेल्वेत बारा वर्षं हंगामी, कॉलेजात सहा वर्षं हंगामी. सहल नीट पार पडली तर सव्वीस जानेवारीला झेंड्यापाशी साहेब त्यांना कायम करणार आहेत. सगळ्या कॉलेजला माहीत आहे.

आज मैदानावर सराव. मामांनी एक लाकडी पाटी आणली. लाल, मधे पांढरी फुली. म्हणाले, "गाडीच्या शेवटच्या डब्याले अशी पाटी असते. गाडी गेली की टोळीतला माणूस पाटी पाह्यते. दिसली म्हणजे गाडी पूर्ण. नाही दिसली म्हणजे डबे मागं सुटले! मी समोर राहीन. तुमची मुंडकी मोजत बसणार नाही. पाटी पाहीन."

पाटी कोणाकडे द्यायची? माझ्या वर्गातली बेबी लगेच म्हणाली, "देवलाकडे द्या मामा. ही आपली सावलीबी मागं सुटू देत नाही!" सगळ्या खिदळल्या. मामांनी माझ्या कॅरिअरला ती तारेने बांधली.

"पाटीच्या मागं कोणी राह्यलं नाही पाह्यजे, देवला. मुंगीबी नाही."

मला का दिली? मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणता येत नाही हीच माझी खोड.

२१ जानेवारी, मंगळवार. पहिला मुक्काम

शाळेच्या व्हरांड्यात लिहिते आहे. पायांपेक्षा मान जास्त दुखते. दिवसभर मागे वळून पाहत होते — माझ्या मागे कोणी नसतंच, तरी!

बांध उंच आहे. दोन्ही बाजूंना बाभळी, खाली तुरीची आणि कपाशीची वावरं. जुनी गिट्टी चाकाखाली सरकते. कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहून पाहत होत्या. एक ओरडली, "पाहा वं माय, लाईनीवर गाडी आली! तिकीट किती वं?" बेबीने उत्तर दिलं, "तुमच्यासाठी फुकट, मावशी, पण पायडल तुमीच मारा!"

लहान मोऱ्या शाबूत आहेत. पण नाल्यांवरचे लोखंडी पूल रुळांसोबत गेले. बांध सरळ जातो आणि एकदम संपतो, खाली दोन पुरुष खोल नाला. बाभळींमुळे अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. अशा प्रत्येक जागेच्या आधी मामा आम्हाला बांध सोडायला लावतात, बाजूच्या उतरणीने खाली नेतात, पलीकडे चढवतात. मग ओरडून विचारतात, "गाडी पूर्ण?" मी हात वर करते, "पूर्ण!" मामा हिरवं फडकं हलवतात. आज तीनदा झालं. 

विमल रांगेत माझ्या पुढेच असते. उद्या संध्याकाळचं जेवण आसेगावला माणिकरावांच्या घरी. त्यांच्या पुतण्याशी विमलच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत. ती सारखी विचारते, "मले सायकलीवर पाहून काय म्हणतील वं?" बेबी म्हणाली, "म्हणतील, बरं झालं! वरातीले बंडी जुपायची गरज नाही, सून आपली आपण येईल." विमल हसली, पण रडकुंडीला आली होती.

२२ जानेवारी, बुधवार

विमल पडली. आज लिहवत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार. मंगरूळपीर

विमल जिवंत आहे. आधी हे. खांद्याजवळचं हाड मोडलं, कपाळाला पाच टाके. डॉक्टर म्हणतात भरून येईल.

आता जसं घडलं तसं.

काल तीनच्या सुमारास विमलने सायकल बाभळीला टेकवली. चेहरा पांढराफटक. "देवला, तू चाल पुढं."

"काहून?"

"अडचण आली. आठ दिवस आधीच!"

मी म्हटलं, थांबते. तर हात जोडायला लागली. "नको वं! तू थांबली तर सगळ्या थांबतील. मामा मागं येतील, इचारतील. बाईले समजलं तर मले माणिकरावच्या घरात पाय ठेवू देणार नाही. त्या घरी पहिल्यांदा जाऊन राह्यली अन् बाहेर बसू? तुले माही शपथ हाय. कोणाले सांगू नको."

आमच्या घरी हे बाहेर बसणं बंद झालं. दीक्षा घेतल्यावर मायने आजीला सांगितलं होतं म्हणे, 'आपण लय पिढ्या बाहेर बसलो, आता पुरे.' म्हणून विमलची भीती मला पुरती कळली नसेल. शपथ मात्र कळली.

मी वळणावर जाऊन थांबले. पाच मिनिटं. दहा. पुढून मामांची शिट्टी. परत जावं तर तिला लाज, इथेच राहावं तर मामा येतील. मी पुढे निघाले. बांध सोडायच्या जागी बाभळीला माझा पांढरा रुमाल बांधला — विमलला दिसेल असा. उतरणीने खाली गेले.

नाल्यापलीकडे सगळ्या उभ्या होत्या. शेजारच्या खळ्यावर तुरी बडवणारे गडी हात थांबवून आमच्याकडे पाहत होते.

"देवला, गाडी पूर्ण?"

एवढ्या पुरुषांसमोर काय सांगणार? मी खाली पाहिलं आणि हात वर केला. "पूर्ण."

मामा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग फडकं हलवलं.

मी नाल्यातच थांबणार होते. खरंच थांबणार होते! पण बाई ओरडल्या, "चल गं लवकर, ते लोक वाट पाहत असतील." आणि मी गेले. पाटी घेऊन गेले.

मैलभर पुढे विहिरीवर पाणी प्यायला थांबलो. बेबी म्हणाली, "अवं, विमल कुठी हाय?"  मामा तर ओंजळीतलं पाणीसुद्धा प्यायले नव्हते. कोणी काही सांगायच्या आत त्यांनी सायकल मागे वळवली होती.

रुमाल तिथेच होता. वाऱ्याने उडून काट्यांत गुंडाळला गेला होता, वरून दिसतच नव्हता. विमलच्या चाकाची रेघ सरळ पुढे, बांध संपतो तिथपर्यंत गेली होती. तिने घाई केली असणार, आम्हाला गाठायची.

मामांनी तिला पाठीवर घेऊन वर आणलं. कपाळाच्या रक्ताने ती इतकी माखली होती, की कुठलं रक्त कुठलं हे कोणीच विचारलं नाही. तिची गोष्ट तेवढी झाकली राहिली. खळ्यावरच्या गड्यांनी बंडी जुपली.

आज माणिकराव दवाखान्यात येऊन गेले. "पोट्ट्याईले सायकली कोणं देल्ल्या?" एवढंच बोलले. ते गेल्यावर विमलने माझा हात धरला. "शपथ ध्यानात हाय ना?"

२४ जानेवारी, शुक्रवार. वाशीम

सायकली एस.टी.च्या टपावर टाकून परत आलो. बाईंनी गाडीतच अहवाल लिहिला. मामा म्हणाले, "लिहा बाई, चूक पुंजाजीची. गाडी म्या सोडली." बाईंनी तेच लिहिलं. मला एक शब्द विचारला नाही!

ते माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत आहेत. मी शेजारच्या बाकावर बसून ऐकत होते. 

संध्याकाळी फाटकापाशी गेले. मामा विमलच्या सायकलचं वाकडं चाक दगडावर ठोकून सरळ करत होते. मी म्हटलं, "मामा, तुमी काहून तसं सांगितलं? पूर्ण तर मी म्हटलं होतं."

"तू अभ्यास कर," म्हणाले. वर पाहिलं नाही.

ऑफिसातून कळलं — त्यांना कायम करायचा कागद साहेबांनी सही न करता बाजूला ठेवला.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळपासून चार कागद फाडले. पहिल्यात विमलची अडचण आली, फाडला. दुसऱ्यात बाईंनी घाई केली असं आलं. ते खरं आहे, पण लिहिताना मला बरं वाटलं, म्हणून फाडला. तिसऱ्यात नुसती माफी. चौथ्यावर डाग पडला.

शिष्यवृत्ती जाईल. वसतिगृह जाईल. 'ह्यांच्या मुलींना पुढे आणलं की असं होतं' — हे वाक्य अजून कोणी बोललेलं नाही, पण मला ते ऐकू येतं. आणि बाचा अंगठा त्या ओळीखाली आहे. त्याला पत्र पाठवलं तर वाचून दाखवणार कोण? दुसराच कोणी तरी.

पण मामांचं अठरा वर्षांचं हंगामी?

पाचवा कागद दिला. 'विमल मागे आहे हे मला माहीत होते. तरी मी गाडी पूर्ण आहे असे सांगितले. ती मागे का राहिली ते मला सांगता येत नाही. चूक माझी आहे, पुंजाजींची नाही.'

साहेबांनी दोनदा वाचला. "सांगता येत नाही म्हणजे काय?"

"सांगता येतं तेवढं लिहिलं, साहेब."

"वसतिगृहातून नाव काढावं लागेल, माहीत आहे?"

मी हो म्हटलं. 

"सोमवारी दहाला या. पुंजाजीलाही बोलावतो. दोघंही चूक आपली म्हणता, दोघांपैकी एकाचंच खरं असणार."

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. दोरी मामांच्याच हातात होती. भाषण झालं, महिला वर्षावर. कायम करण्याचं काही निघालं नाही. मामांनी दोरीची गाठ नीट मारली, ओढून पाहिली, आणि गेले.

नाव निघो न निघो, पुढच्या रविवारी रिठदला जायचं. बाला ती ओळ वाचून दाखवायची.

२७ जानेवारी, सोमवार

साहेबांनी माझा कागद मोठ्याने वाचला. मामा म्हणाले, "पोरगी खरं बोलते. पण साहेब, म्या मोजल्या होत्या. सात पाह्यजे होत्या, सहा उतरल्या. हिनं खाली पाहून 'पूर्ण' म्हटलं तवाच समजलो, मागच्या पोरीची चारचौघांत न सांगन्यासारखी काही अडचण हाय. मलेबी पोरी हायेत. वाटलं, येईल मागून. गाडी सोडली. पुढं पूल नाही हे मले ठाऊक होतं, त्या मागच्या पोरीले नाही."

तीन दिवस मला वाटत होतं, ते माझी चूक अंगावर घेत आहेत. ते आपलीच सांगत होते.

 साहेबांनी माझा कागद मला परत दिला, "वसतिगृहातलं तुमचं नाव राहील," म्हणाले. मग मामांना म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

मला भाड्याची सायकल दुकानात परत द्यायची होती. बाहेर मामांनी माझ्या कॅरिअरची तार सोडली. पाटी काढून स्वतःच्या सायकलला बांधली.

"चाल, तू पुढं व्हय," म्हणाले. "मी मागून येतो."