माळ्यावरचा कूलर

बुधवारा, बुऱ्हाणपूर
१ एप्रिल २०२५

सौ. मालूबाईंना वंदनावहिनीचा नमस्कार.

नात्याने मी मोठी, म्हणजे खरं तर आशीर्वाद लिहायला हवा. पण ज्या नणंदेने सहा वर्षं तोंड दाखवलं नाही, ती आशीर्वादही परत पाठवायची. म्हणून आपला नमस्कार. इकडे सगळे मजेत. जावईबापू निंबारावांचा गुडघा कसा आहे? केळी यंदा चांगली आलीय असं दगा दूधवाला सांगत होता.

तुमचं बहादरपूर इथून हाकेवर, आणि ही बाई पत्र कसलं लिहिते, असं म्हणाल. काय करू? माझा फोन तुम्ही उचलत नाही. आमच्या रितेशच्या मोबाइलवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देता. म्हणून हे पत्र दगाच्या हाती, मावा जिलबीच्या डब्यात. जिलबीसाठी तरी झाकण उघडाल.

बातमी अशी की आमच्या सूनबाईंनी घर आवरायला काढलंय. निशा मोबाइलवर कुठले कुठले व्हिडिओ बघते आणि मला शिकवते, "मम्मी, जिस चीज को साल भर हाथ नहीं लगाया, वो बाहर." मी म्हटलं, बाई गं, या नियमाने देवघरातली पोथी पहिली बाहेर जाईल. (हे कुणाला सांगू नका.) तिने केळीचे तीन रिकामे कॅरेट आणून ओट्यावर मांडले. एक ठेवायचं, एक द्यायचं, एक भंगार. सकाळी भंगाराचा कॅरेट भरतो आणि दुपारच्या चहापर्यंत अर्धा होतो. कारण तुमचे भाऊ. वीज मंडळातून रिटायर झाले तरी वायरी सुटत नाहीत. गेलेले बल्ब, बिनदांड्याच्या छत्र्या, कुणाकुणाच्या लग्नाच्या पत्रिका, सगळं भंगारातून उचलून ठेवायच्यात टाकतात. विचारलं तर एकच, "लागंल कधी तरी."

काल कडू भंगारवाला आला. हे स्वतः सामान घेऊन गाडीपाशी गेले. मला वाटलं, चला, सुधारले. परत आले ते काखेत टेबलफॅन घेऊन. म्हणे, "चांगला आहे गं, फक्त फिरत नाही." मी कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं या माणसाच्या पसाऱ्यात काढली मी, मालूबाई.

आता मुद्द्याचं. आपली आखाजी, अक्षय्य तृतीया, महिन्यावर आली. तुम्ही माहेरी आल्याशिवाय पाच आखाज्या गेल्या. (लॉकडाऊनची मी धरत नाही, तेव्हा कुणीच कुठे गेलं नव्हतं.) त्या खापराचा विषय मी काढत नाही. सासूबाईंनी तुम्हाला दिलेलं, पुरणाचे मांडे भाजायचं खापर मी रितेशच्या साखरपुड्याला मागून आणलं. मी म्हणाले परत पाठवलं, तुम्ही म्हणालात पोचलं नाही, आणि हळदीच्या दिवशी भर मांडवात मी बोलायचं नाही ते बोलून गेले. झालं ते झालं. शेवटी मातीचं भांडं ते. किती धरून बसायचं?

यंदा या. वाट बघते.

तुमची,
वंदनावहिनी

ता. क. निशाला सांगून ठेवलंय, सगळं घर आवर, फक्त माळ्याला हात लावू नको. तिथे विंचू आहेत.


बुधवारा
१२ एप्रिल

मालूबाई,

डबा मिळाला. रिकामा मिळाला, घासूनपुसून.

आपल्यात रिकामं भांडं कुणी परत करत नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतात. मी नवीन सून होते तेव्हा शेजारच्या प्रतिभाबाईंची वाटी तशीच परत न्यायला निघाले, तर सासूबाईंनी दारातून मागे बोलावलं आणि वाटीत मूठभर डाळ ओतली. तुम्ही तेव्हा दहावीत होता, हात तोंडाला लावून हसत होता. तुम्हाला ही रीत माहीत नाही असं थोडंच आहे? तेव्हा समजले मी. बरोबरच आहे तुमचं.

पण याच रीतीने इकडे जो गोंधळ घातलाय, तो ऐका. आवरता आवरता कळलं की घरातलं अर्धं सामान आपलं नाहीच. प्रतिभाबाईंचं इडलीपात्र, लीलाधर किराणावाल्याची शिडी, देवरामकाकांचं पितळी पातेलं, सगळी मागून आणलेली आणि इथेच नांदलेली. निशा म्हणाली, जिसका है उसको वापस. गेले परत करायला. प्रतिभाबाईंनी इडलीपात्र घेतलं आणि माझ्या हातात पिशवीभर कैऱ्या आणि एक बरणी दिली. लीलाधरने शिडी घेतली आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, वर तीन कॅलेंडरं. देवरामकाकूंनी पातेलं ठेवून घेतलं, पण म्हणाल्या, रिकाम्या हाताने कशी जाशील, आणि टोपलीभर गहू दिले. टोपली त्यांचीच. म्हणजे ती पुन्हा परत करायला जायचं आलं!

अकरा वस्तू बाहेर गेल्या आणि चौदा आत आल्या. निशा डोकं धरून बसली. "मम्मी, ये तो उल्टा हो रहा है!" तुमचे भाऊ मात्र खुशीत. घड्याळ उघडून बसलेत.

बरं, त्या विंचवांचं सांगते. निशाने फवारणीवाला बोलावला. दोन तास माळ्याच्या तोंडाशी धूर केला, सगळे खोकून खोकून बेजार झालो, एक झुरळ निघालं. विंचू नाही. आता ती म्हणते, येत्या वीस तारखेला, रविवारी, माळा. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. ती म्हणाली, आज शनिवार आहे, अजून आठ दिवस आहेत.

या डब्यात ज्वारीच्या बिबड्या आहेत. तळून खा. डबा रिकामा आला तरी मला राग नाही, पण येऊ द्या.

वंदनावहिनी


बुधवारा
२१ एप्रिल, सकाळ

मालू,

तुम्ही-बिम्ही आता पुरे. लग्न होऊन आले तेव्हापासून तुला मी 'तू'च म्हणत आले. भांडल्यावर 'तुम्ही' सुरू केलं, म्हणजे जणू मानच देतेय! ढोंग नुसतं.

बिबड्यांचा डबा अजून आला नाही. निशा म्हणते, "बुआजी बुरा मान गईं." मला मात्र वाटतं, या खेपेला रिकामा पाठवायला तुझा हात उचलला नसेल. माझी आशा आहे, काय करणार.

काल माळा काढला. निशा स्टुलावर चढली आणि तिने मोठ्या कूलरला हात घातला, तो सहा वर्षं तिथेच उभा आहे. मी खालून म्हणाले, "थांब. उतर. ते मी काढते." गुडघे कुरकुरले, पण चढले. कूलर सरकवला. त्याच्यामागे दोन सुटकेसा, त्यांच्यामागे गाद्यांचा गठ्ठा, आणि त्याच्यामागे सासूबाईंच्या लुगड्यात गुंडाळलेलं तुझं खापर. एक तडा नाही, मालू. जसंच्या तसं.

ते तिथे आहे हे मला माहीत होतं.

आता सगळं सांगते. साखरपुड्याला पोरं धावत होती, कुणाचा पाय लागू नये म्हणून ते मीच गव्हाच्या रिकाम्या कोठीत ठेवलं होतं. आणि विसरले. देवाशपथ विसरले. हळदीच्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मला खरंच वाटत होतं की ते मागून आणलेल्या बाकी भांड्यांबरोबर टेम्पोतून तुझ्याकडे गेलंय. म्हणून पाहुण्यांसमोर बोलले, "आईचं भांडं तूच फोडलंस आणि माझ्या नावावर बिल फाडतेस." तिथपर्यंत ती चूक होती.

लग्नानंतर दोन महिन्यांनी नवे गहू भरायला कोठी उघडली आणि खापर दिसलं. त्याच पावली तुझ्याकडे यायला हवं होतं. चपला घातल्यासुद्धा होत्या. मग डोळ्यांसमोर तो मांडव आला, तुझा लाल झालेला चेहरा आला, आणि लाज वाटली गं. म्हटलं, उद्या जाऊ. तो उद्या काही उजाडला नाही. खापर माळ्यावर गेलं. ते दिसू नये म्हणून गाद्या, गाद्यांवर कुणी चढू नये म्हणून सुटकेसा, आणि शेवटी कूलर. माळा भरला म्हणून खालचं सामान खालीच राहिलं. दरवर्षी दिवाळीला हे म्हणायचे, माळा आवरू. दरवर्षी माझं डोकं दुखायचं. या घराचा पसारा माझा आहे, मालू. चाळीस वर्षं म्हणून तुला लिहिलं, त्यातली ही सहा माझी. मी मात्र गल्लीभर तुझ्या भावाच्या नावाने खडे फोडत राहिले. आणि मागची दोन पत्रंही निशा माळ्याकडे निघाली म्हणून घाबरून लिहिली.

तुझे भाऊ खापर बघून आधी हसले. "आणि भंगारवाला मी काय?" मग लुगडं हातात घेऊन खाली बसले. त्याची नीट घडी घातली. मग एवढंच म्हणाले, "सहा आखाज्या, वंदना. सहा." लॉकडाऊनचीसुद्धा त्यांनी धरली होती.

तुला खोटारडी ठरवलं, ते भर मांडवात. माफीही चारचौघांत मागायला हवी. आखाजीला सगळी गल्ली जमते, प्रतिभाबाई, देवरामकाकू, सगळ्या त्या दिवशी होत्या. त्यांच्यासमोर मी हे सगळं बोलणार आहे. तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी.

हे पत्र दगाच्या हाती नाही. मीच आलेय, या शेवटच्या ओळी तुमच्या ओसरीवर बसून लिहितेय. निंबारावांना म्हटलं, आधी हे आत नेऊन द्या, मग मला बोलवायचं की नाही ते ती ठरवेल. खापर तुमच्या ओसरीवर ठेवलंय. त्यात निशाने गूळ आणि चण्याची डाळ भरलीय, पुरणापुरती. मी समोर चिंचेखाली उभी राहते. ऊन फार आहे, पण तू काही घाई करू नको. नीट वाच.

डबा रिकामा पाठवलास, तो माझ्या कर्माचा. पण मालू, मला रिकामी परत पाठवू नको.

तुझीच,
वहिनी