बादलीतलं सांबर

५ जुलै, रविवार
पार्कच्या मागे, नाल्याच्या कडेला सापडलं. पावसाचं पाणी ओसरलेलं, पालापाचोळ्यातून डोळ्याची खोबण दिसली. आधी वाटलं कुत्रं. मग शिंगं दिसली. सांबर, नर, अगदी कोवळा. शिंगं जेमतेम वीतभर, फाटा एकही नाही. नुसतं डोकं, धड कुठे गेलं कोण जाणे. मुंग्यांनी अर्धं काम उरकलेलं, उरलेलं अर्धं... असो.
भाजीच्या पिशवीत घातलं, वर पालक. लिफ्टमध्ये एक बाई पालकाकडे बघून गोड हसल्या.
संदीप पुण्यात, सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी. रेवा म्हणाली, "मम्मा, सो ग्रॉस ला! डॅडी विल फेंट." तेरा वर्षांची आहे, इथल्यासारखं वाक्यामागे 'ला', 'मेह' लावते, तिला जगात सगळंच ग्रॉस. मी मात्र खुशीत.

७ जुलै
कात्री, चिमटा, जुना टूथब्रश. सुटली तेवढी कातडी काढली. खालचा जबडा आपसूक हातात आला.
उकळायचं नाही. कॉलेजात मी दर वर्षी घसा फोडून सांगायचे, तरी एखादा दिवटा कवटी स्टोव्हवर चढवायचाच. उकळलं की चरबी हाडात मुरते, मग ते जन्मभर पिवळं आणि तेलकट. साधं पाणी आणि धीर, एवढंच लागतं. बाकीचं जिवाणू बघून घेतात. बादली सर्व्हिस यार्डात, म्हणजे किचनमागच्या धुण्याच्या जागेत, वॉशिंग मशीनच्या मागे. शिंगं पाण्याच्या वर, त्यामुळे झाकण बसत नाही. कचऱ्याची काळी पिशवी ताणून बांधली.
तेवढ्यात मैत्रिणीचा, अश्विनीचा फोन. "काय चाललंय गं?" तोंडातून गेलं, "सांबर." "अय्या, मग इडल्या पण असतील! आम्ही येतो." हसून वेळ मारून नेली. तिला कळलं की तिच्या नवऱ्याला, त्याला कळलं की संदीपला.
या देशात आल्यापासून माझ्या व्हिसाच्या पासावर मी 'डिपेंडंट', नवऱ्यावर अवलंबून. मी प्राणिशास्त्र शिकवायचे हे आता कोणाला तरी मलाच सांगावं लागतं. आज हातांना काही सांगावं लागलं नाही.

१२ जुलै, रविवार
पार्कच्या फाटकावर 'प्राण्यांना खायला घालू नका'ची पाटी. रोज तिच्यासमोरून जाते. आज पहिल्यांदा पूर्ण वाचली आणि घरी येऊन कायदा शोधला. रानातलं जनावर, जिवंत काय नि मेलेलं काय, परवानगीशिवाय उचलणं गुन्हा. दंड वगैरे.
आणि आमचा पी.आर.चा, इथे कायमचं राहण्याचा अर्ज आत पडलेला. आधीचे दोन नाकारले गेले. संदीपचं वय बघता हा शेवटचाच. रेवा इथे जन्मली, तिला पुणे म्हणजे आजीचं घर आणि डास.
परत नेऊन ठेवायला हवं. पण नेताना कोणी पाहिलं तर? हाडं स्वच्छ होईपर्यंत थांबू, असं ठरवलं. कारणं कितीही देईन, खरं एवढंच की मला ते हवंय.

१७ जुलै
वास सुटला. पाणी बदलताना तर रेवा शाळेचा बॅज विसरून पळाली. उदबत्ती लावली, आता उदबत्तीसकट वास येतो.
आमचं सर्व्हिस यार्ड आणि शेजारच्या टेओ अंकलच्या किचनची खिडकी इतकी लगटून की हात लांबवला तर त्यांचा चमचा उचलता येईल. अंकल एकटेच राहतात. जुने बस ड्रायव्हर, आता पायांनी अधू. कॉरिडॉरमध्ये दोरीवर खारी मासळी वाळत घालतात. त्या मासळीवरून मी किती नाकं मुरडली असतील! आज मीच जाऊन विचारलं, "अंकल, काही वास येतो का?" म्हणाले, "नो स्मेल ला. माय नोज लाँग टाइम नो यूज." आणि मला दोन मिरच्या दिल्या, त्यांच्या कुंडीतल्या.
मेल्याहून मेल्यासारखं झालं खरं म्हणजे. पण सुटलेसुद्धा.

१९ जुलै, रविवार
संदीप आला. दारातच थांबला. "मुक्ता, काय मेलंय घरात?" दाखवलं. त्याने बॅग खाली ठेवली. मग, "कचऱ्याच्या च्यूटमध्ये टाक. आत्ता." मी म्हटलं, टाकणार नाही, उद्या पाणी फेकते, वास जाईल. "अगं, अर्ज आत आहे आपला!" "अर्जाला नाक नाही," म्हणाले. उगाच म्हणाले मी. तो चेष्टेच्या मनःस्थितीत नव्हता आणि बरोबरच होता.

२० जुलै
आजचं लिहायचं नव्हतं.
अंकल सर्दीने झोपून होते, दोन दिवस दिसले नाहीत. त्यात वास. एकटा म्हातारा, बंद दार आणि वास, याचा अर्थ या ब्लॉकमध्ये पोराटोरांनाही कळतो. वरच्या मजल्यावरून कोणीतरी त्यांच्या मुलीला कळवलं. मे लिंग, राहते पार लांब, हौगांगला. टॅक्सीने आली, लिफ्टमधूनच रडत. दारावर दोन्ही हातांनी धडाधड. कॉरिडॉर भरला. कोणीतरी पोलिसांना फोन लावत होतं.
अंकलनी दार उघडलं. बनियन, चुरगाळलेली चड्डी, हातात टिश्यू. "व्हाय सो नॉइझी?"
ती त्यांच्या गळ्यात पडली. मग नाक आक्रसत आत गेली, थेट किचनमध्ये. तिथेच सगळ्यात जास्त येणार, आमची बादली खिडकीला टेकलेली. "पापा, यू कान्ट स्मेल मेह?"
"स्मेल व्हॉट?"
ती बाहेर आली तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. भीती जाऊन दुसरंच काही आलं. म्हातारा सडक्यात राहतो आणि त्याला पत्ता नाही, असं.
आमच्याकडे वळून म्हणाली, "यू ऑल्सो स्मेल ऑर नॉट?"
मी म्हणाले, "येस. फ्यू डेज." खोटं एक अक्षर नाही. आणि संदीप, माझा सज्जन नवरा, म्हणाला, "मेबी द फिश."
मी गप्प बसले. तोंडाशी आलं होतं. गप्प बसले.

२१ जुलै
पाणी ओतलं, बादली घासली, यार्ड धुतलं. वास गेला. कॉरिडॉरमधली मासळीही कालच मे लिंगने फेकली, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की मासळीच होती ती. आपलं बिंग झाकायला बिचारे मासे कामी आले.
संदीप म्हणतो, मिटलं.

२६ जुलै, रविवार
मिटलं नाही. मे लिंग त्यांना घेऊन गेली. "फॉर अ व्हाइल," म्हणाली, पण कुंड्या खाली कचऱ्याच्या जागी ठेवलेल्या. अंकल व्हीलचेअरवर, कॅप घालून. बसमधून उतरणाऱ्या पॅसेंजरला म्हणावं तसं मला म्हणाले, "ओके, बाय बाय." खालच्या कॉफीवाल्याने सांगितलं, फ्लॅट विकणार. वय झालं, डोकं चालत नाही, घरात कुजकं साठवतो, असं मुलीनेच सांगितलं त्याला.
डोकं चालतं त्यांचं! गेल्या महिन्यात रेवाला इथून चांगी विमानतळापर्यंतचे बसस्टॉप ओळीने म्हणून दाखवले होते.
रेवा दोनदा विचारून गेली, "आर यू ओके?"

३० जुलै
काम चालू आहे. तेही लिहिते, कारण त्याचा आनंद होतोय नि त्याची लाज वाटते. भांड्यांचा साबण घालून कोमट पाण्यात ठेवलं होतं, चरबी वर तरंगून आली. मग पेरॉक्साइडचे बोळे. ब्लीच नाही, ब्लीचने हाड भुसभुशीत होतं. सुटलेल्या दाढा एकेक करून आपापल्या खाचेत चिकटवल्या. नाकाच्या आत कागदापेक्षा पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, वास त्यांच्यावर कळतो. शाबूत आहेत. टॉर्च लावून कितीतरी वेळ बघत बसले.
संदीपने चहा आणून ठेवला. "सुंदर झालंय," म्हणाला. मग, "म्हणूनच सांगतो, कपाटात ठेव."

४ ऑगस्ट
हौगांगला गेले. घरी मार्केटला जाते म्हणून सांगितलं. मे लिंग कामावर, अंकल टीव्हीसमोर. खोली नातवाची, भिंतीवर फुटबॉलवाले. खाऊपिऊ घालतात, हाल नाहीत. पण दाराची किल्ली देत नाहीत. "आय ड्राइव्ह डबल डेकर," म्हणाले, "नाऊ आय आस्क बिफोर गो डाउन ड्रिंक कॉफी."
सगळं सांगितलं. बादली, वास, खिडकी. फोनवर फोटो दाखवला.
आधी हसले, खोकला येईपर्यंत. मग हसू थांबलं. "सो नॉट मी."
"नॉट यू, अंकल."
"नॉट माय फिश."
"नो."
टीव्हीचा आवाज कमी केला. रागवले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "यू टेल हर. आय टेल, शी थिंक आय टॉक रबिश."
मी हो म्हणाले. सांगते म्हणाले.

८ ऑगस्ट
संदीपला सांगितलं. तो ओरडला नाही, खाली बसला. "अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांब. मग मीच येतो तुझ्याबरोबर सांगायला." निकाल कधी? कोणाला माहीत? सहा महिने, वर्ष. तोवर अंकलच्या फ्लॅटमध्ये दुसरं कोणी राहायला येईल. "अगं, ते मुलीकडे आहेत, रस्त्यावर नाहीत. आपली मुलगी शाळेतून काढावी लागली तर?" मे लिंग तक्रार करेलच असं नाही. करणार नाही असंही नाही. रेवाचा गृहपाठ करतानाचा वाकलेला मानेचा मणका बघितला आणि भीती वाटली, सरळसरळ भीती. घाबरट आहे मी. हाडाची शिक्षिका म्हणवते स्वतःला.

११ ऑगस्ट
बुकित बातोकच्या सुतारांच्या गाळ्यांमधून सागाची फळी तासून आणली. स्क्रू मागून, मेंदूच्या पोकळीतून, पुढून काही दिसत नाही. जबडा खाली, बारीक तारेवर. कॉलेजच्या म्युझियममध्ये इतकं नीट एकही नव्हतं.
अंकलचा फोन आला होता. उचलला नाही.

१२ ऑगस्ट
खालच्या कॉफीवाल्याकडून कळलं. मे लिंग आज संध्याकाळी राहिलेलं सामान न्यायला येणार, उद्या सकाळी विक्रीच्या सह्या.
दुपारी मुख्य दारासमोरच्या भिंतीवर टांगलं. घरमालकाचं घड्याळ काढून, त्याच खिळ्याला. दाराबाहेरच्या जाळीच्या गेटपाशी उभं राहिलं की समोर तेच.
संदीप ऑफिसातून आला. "इथे का?"
"दारातून दिसतं म्हणून."
"उतरव, मुक्ता."
"तू उतरव."
हात वर नेला, पण लावला नाही. मग रेवाला हाक मारली, "चल, खाली जेवून येऊ." ती चप्पल घालताना माझ्याकडे बघत होती. जाताना त्याने दार ओढून घेतलं. मी उठून परत उघडलं, बसले, हे लिहितेय.
लिफ्ट थांबली. चपलांचा आवाज आमच्या दारावरून पुढे गेला, मे लिंगने आत पाहिलं नाही. शेजारच्या कुलपात किल्ली फिरतेय. आता मलाच उठून सांगायला हवं.