पासावरचं नाव

अहो,

नमस्कार करते. तुम्ही होता तेव्हा साधी चिठ्ठी लिहायची वेळ आली नाही, आणि आता पत्र लिहायला बसले आहे. कारण तसंच आहे. परवा तुमचं वर्षश्राद्ध. आपल्या मराठी साप्ताहिकात तुमच्यावर एक चौकट येणार आहे. मालकांची मुलगी जागृती, तुमच्या जागी आता तीच संपादक, मजकूर घेऊन घरी आली. म्हणाली, "काकी, जरा जोई लेजो. भूल होय तो कहेजो."

भूल आहे हो! चूक आहे, तीही तिसऱ्याच ओळीत. ‘त्यांच्या हातून उभ्या आयुष्यात एकही चुकीची बातमी गेली नाही.’

ती ओळ वाचली आणि तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहिलात. खोटं नाही सांगत. सकाळी देवपूजा करून पेपर उघडला की रोजच येता. "कोणी सांगितलं? कोणी पाहिलं?" एवढंच विचारता. मी वळून बघते, तर पडदा हलत असतो.

लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा मॅट्रिकच्या पुढे मला काय येत होतं? दर गुरुवारी तुम्ही प्रुफं घरी आणायचात. मी मूळ कागद मोठ्याने वाचायचा, तुम्ही प्रुफावर लाल पेन फिरवायचं. एकदा मी ‘भीषण आग’ असं जरा जोरात वाचलं, तर तुम्ही ‘भीषण’ खोडूनच टाकलं. "किती माणसं गेली ते नीट लिहू. भीषण आहे की नाही, ते वाचणारा ठरवील." दुसऱ्या एका बातमीत ‘असे समजते’ होतं. त्यावर म्हणालात, "समजते म्हणजे बातमीदाराला काही समजलेलं नाही. फोन करायला लावतो." किती हसलो होतो आपण!

आणि तो गुरुवार?

दुपारी सुरतेच्याच गोडादरा भागात, कापडाच्या लूम कारखान्यात आग लागली होती. एक कारागीर गेला. चेहरा ओळखू येत नव्हता, खिशात कारखान्याचा पास सापडला, त्यावर दिलीपचं नाव. पोलिसांनी तेच नाव दिलं. तुम्ही चपला घातल्या. "त्याच्या घरी जाऊन येतो. एकाच्या पासावर दुसरा बदली कामाला जातो, हे पोलिसांना काय माहीत!"

मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मला तर अक्षर न् अक्षर आठवतं. "पोलिसांपेक्षा तुम्ही शहाणे का? रिक्षात पैसे घालवाल आणि तेच नाव घेऊन याल. माझी आरती खोळंबली आहे, बसा!"

तुम्ही बसलात. का बसलात हो? एरवी माझं कधी ऐकलंत?

दिलीपचं नाव तसंच छापून गेलं. शुक्रवारी शेजाऱ्याने त्याच्या बायकोला अंक वाचून दाखवला. तो गावाहून परतून परस्पर कामावर गेला असेल, असं समजून तिने बांगड्या फोडल्या. शनिवारी संध्याकाळी गावाकडचं लग्न आटोपून दिलीप पिशवी घेऊन दारात उभा. "अरे, मी जित्ता शे ना!" म्हणून ओरडला, तर बायको त्याला बघून किंचाळली.

पण त्याहून वाईट पुढेच होतं. त्याच्या पासावर बदली गेला होता तो संतोष. त्याची बायको उषा दोन गल्ल्या सोडून राहायची. तिनेही अंक वाचून घेतला होता. तुम्ही रविवारी तिच्याकडे गेलात, तेव्हा ती तुम्हाला म्हणाली, "तुमना पेपरमा त्यासनं नाव नव्हतं ना भाऊ, म्हनीसन मी स्वयंपाक करी ठेवा." दोन दिवस ती ताट झाकून बसली होती, आणि तो तिकडे शवागारात दुसऱ्याच्या नावाने पडून होता.

मालक म्हणाले, दिलगिरी आतल्या पानावर कोपऱ्यात टाका. तुम्ही म्हणालात, "चूक पहिल्या पानावर झाली आहे." पहिल्या पानावर छापलीत, खाली स्वतःचं नाव घालून. माझं नाव कुठेच नाही! घरातही तो विषय कधी काढला नाहीत. एकदा तरी रागवायचं होतं हो माझ्यावर. तुमच्या गप्प बसण्याने मला जास्त छळलं. देवापुढे मी कितीदा कबूल केलं. तुमच्यापुढे एकदाही नाही.

त्या संतोषला मी कधी पाहिलं नाही. तरी आरतीला उभी राहिले की तो उंबऱ्याशी येतो. त्याला चेहरा नसतो. "वहिनी, भाऊंना का बसवलं?" एवढंच विचारतो. मी घंटा जोरात वाजवते. तो जात नाही.

तर मी ती ओळ खोडली. तुमच्याच लाल पेनाने. खाली लिहिलं की एकदा चूक झाली, ती कशी झाली, आणि त्यांना घरात कोणी अडवलं. जागृती कपाळाला हात लावून म्हणाली, "काकी, श्रद्धांजलीमां आवुं कोण लखे?"

मी म्हटलं, "त्यांनी लिहिलं असतं."

छपाईला उद्याचा एक दिवस आहे. सकाळी पूजा झाली की मी गोडादऱ्याला जाईन. पोलिसांनी काय सांगितलं, शेजारी काय म्हणाले, हे सगळं बाजूला ठेवून उषाच्या दारात उभी राहीन. मजकूर तिला वाचून दाखवीन, आणि तिच्या माणसाला उशिरा नाव मिळालं ते माझ्यामुळे, हे माझ्या तोंडाने सांगेन. ती नको म्हणाली तर संतोषचं नाव खोडीन, माझं खोडणार नाही. हा शब्द देते तुम्हाला.

ती मला घरात घेईल की दार लावील? मला ठाऊक नाही. ठाऊक नाही, म्हणून लिहीत नाही.

तुमची,
सुमन