दोन मतं आणि शेजाऱ्याच्या बंदुका

हॅमिल्टन, न्यूझीलंड
ऑक्टोबर १९९६

तीर्थस्वरूप काशिनाथमामांच्या पायांवर शंतनूचं डोकं (इतक्या लांबून ठेवलेलं, त्यामुळे भार जाणवणार नाही, पण ठेवलं आहे हे नक्की).

मामा, तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मामी गेल्यावर सुलेखा 'बाबा, आता कुडाळहून मुंबईला माझ्याकडे चला' म्हणत होती, त्याचं काय झालं? इकडे आम्ही तिघं ठीक. विनया अजून कॅज्युअल्टीतच नर्स आहे, मी हॉस्पिटलच्या फार्मसीत गोळ्या मोजतो, आणि सानिका आठ वर्षांची झाली. तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं. परवा तुमचा फोटो दाखवून हे कोण म्हणून विचारलं, तर 'द काजू मॅन' म्हणाली. तेव्हा बाईसाहेबांना तुम्ही माहीत आहात, पण नात्याने नव्हे, तुमच्या बागेतून येणाऱ्या काजूंनी.

इथे नुकतीच निवडणूक झाली. एरवी एव्हाना तुमची दोन पत्रं येऊन पडली असती, कोण उभं आहे, कोण पडणार, आणि या देशात बैलगाडीतून प्रचार करतात की कसं. या खेपेला एकही आलं नाही. म्हणून तुम्ही न विचारताच सगळं सांगतो.

आम्हाला इथे मताचा हक्क मिळाला आहे. तोही साधासुधा नाही, यंदापासून प्रत्येकाला दोन मतं, एक माणसाला आणि एक पक्षाला. याचं गणित इथल्या लोकांनाच कळलेलं नाही (आमच्या फार्मसीच्या मुख्य बाई मला विचारत होत्या, मी भारतातला म्हणून). पण विनयाने आमच्यापुरतं ते सोपं करून टाकलं. ती म्हणाली, कर नको, रस्ते नकोत, उमेदवार बंदुकांबद्दल काय म्हणतो एवढंच बघायचं. याला कारण आहे. मे महिन्यात इथे बदकांची शिकार सुरू होते, आणि पहिल्याच दिवशी तिच्याकडे एक गृहस्थ आणले होते ज्यांना बदक समजून सख्ख्या मेहुण्याने मांडीत छर्रे घातले होते. मेहुणा बाहेर बाकावर बसून रडत होता. छर्रे काढायला ट्रे धरून उभी असलेली विनया घरी आली ती हाच निश्चय घेऊन. मामा, मला तर बंदुकीचं नाव काढलं तरी हाताला घाम सुटतो. मी लगेच हो म्हटलं.

आमच्याकडे उमेदवार मुख्यतः दोन. एक पास्को नावाचे दूधवाले शेतकरी, त्यांचं म्हणणं, सरकारने सज्जन माणसाच्या कपाटात डोकावू नये. दुसऱ्या मिसेस टली, शाळेतल्या शिक्षिका, त्यांचं म्हणणं, मोटारीला नंबर असतो तसा प्रत्येक बंदुकीचा नंबर सरकारकडे असावा. तिसरा एक सायकलवरचा तरुण होता. त्याच्याकडे बंदूक नव्हती, पण त्याला आपल्या मतदारसंघाचं नावही धड सांगता येत नव्हतं. तिघांची शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. विनयाची ड्यूटी, म्हणून तिने मला पाठवलं आणि विचारायचा प्रश्न पाठ करून घेतला. देशात एकूण किती बंदुका आहेत हे सरकारला ठाऊक असावं की नाही, असा तो प्रश्न. मी हॉलमध्ये शिरलो आणि पाहतो तर सगळीकडे चौकड्यांचे शर्ट, गमबूट आणि माझ्या दुप्पट मनगटं. माझी पाळी आली. उभा राहिलो आणि तोंडातून काय बाहेर पडलं, तर तुमच्याकडे किती बंदुका आहेत?

हॉल खूश झाला. पास्को बोटांवर मोजायला लागले, एक हात संपला, दुसरा सुरू केला, मग बायकोच्या वेगळ्या सांगितल्या. मिसेस टली म्हणाल्या, एकच, बागेतल्या पॉसमसाठी (हे रात्री झाडं खाणारं मांजराएवढं जनावर), आणि तिचा नंबर मी आत्ता लिहून द्यायला तयार आहे. मी खाली बसलो. म्हणजे जिला मत द्यायचं तिच्याकडेही एक होतीच. शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. बघतो तर आमचे शेजारी लेस.

लेसबद्दल सांगायला हवं. सत्तरीचा माणूस, आयुष्यभर गाई सांभाळल्या, मग शेत विकून बायकोबरोबर आमच्या शेजारी राहायला आला. आम्ही नवे होतो तेव्हा पहिल्यांदा घरी आला तो हाच, लिंबांची पिशवी घेऊन. सानिकाला सायकल त्यानेच शिकवली. यंदा जुलै महिन्यात त्याची बायको वारली (तिचं नाव जून). तेव्हापासून त्याच्या घराचे पडदे दुपारीही अर्धेच उघडे. कुत्रा त्याने मुलीकडे देऊन टाकला. मग एका शनिवारी आपलं गवत कापायचं चांगलं मशीन आमच्या दारात आणून ठेवलं आणि म्हणाला, तुलाच राहू दे, मला आता लागणार नाही. मी इतका खूश झालो की त्याच दिवशी पुढचं-मागचं सगळं गवत कापलं, अगदी त्याच्या बाजूचंसुद्धा. संध्याकाळी विनया घरी आली, मशीन पाहिलं, आणि तिने एवढंच विचारलं, की उन्हाळा तोंडावर आलाय, गवत तर आता वाढेल, मग त्याला का लागणार नाही?  तेव्हापासून त्या मशीनला मी हात लावला नाही. आणि मामा, लेसकडे तीन बंदुका. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं जेवणाचं टेबल दिसतं, तिथे तो त्या पुसत बसायचा.

तर सभेनंतर लेसने मला गाडीतून घरी सोडलं आणि दारात उतरताना एक विनंती केली. इथला कायदा चार वर्षांपूर्वी बदलला. ज्यांच्याकडे जुने परवाने होते त्यांनीही नव्याने अर्ज करायचा, आणि पोलिसांकडून कुणीतरी येऊन अर्जदाराच्या एका नातेवाइकाला आणि एका परक्या माणसाला विचारतं, की हा बंदूक बाळगायला योग्य आहे का. परका माणूस म्हणून त्याने माझं नाव देऊ का, असं तो विचारत होता. मला कुणाला नाही म्हणता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे (त्यामुळेच मी तुमच्या आग्रहाने एका जेवणात अठरा आंबोळ्या खाल्ल्या होत्या). मी म्हटलं, स्वीट अ‍ॅज, म्हणजे इथल्या भाषेत, काही हरकत नाही. घरात शिरलो आणि खुर्चीत बसून राहिलो. खरं सांगितलं तर शेजारी तीन बंदुका घेऊन रागावणार. खोटं सांगितलं तर त्या तीन बंदुका त्याच्याचपाशी राहणार. विनयाला सांगितलं तर ती म्हणाली, तू खरं बोलशील, बाकी मी काही बोलणार नाही. मामा, असं बोलून बायका मोकळ्या होतात.

बाई आल्या. मिसेस फेल्प्स, पोलिसांकडूनच पण साध्या स्वेटरमध्ये, चष्मा साखळीला लावलेला. मी चहा केला, त्यांनी घेतला, आणि सुरुवातीला सगळं सोपं होतं. किती दिवस ओळखता, दारू पितो का, घरात कधी भांडण ऐकलंत का. मी लेसची लिंबांपासून सायकलीपर्यंत स्तुती केली. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की या माणसाकडे बंदुका असण्याबद्दल तुम्हाला काही वाटतं का. मी खिडकीकडे पाहिलं. त्याच्या टेबलावर दोन ताटं मांडलेली दिसत होती, हल्ली रोजच असायची. मी कुत्र्याचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, दोन ताटांचं सांगितलं, आणि शेवटी इंग्रजीत म्हणालो, आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ हिम. बाईंनी मान हलवली, लिहिलं, आभार मानले आणि निघाल्या.

त्यांची गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला म्हणायचं होतं 'फॉर हिम', त्याच्यासाठी भीती वाटते. आणि मी म्हणालो 'ऑफ हिम', म्हणजे मला त्याची भीती वाटते! ज्या माणसाने माझ्या पोरीला सायकल शिकवली त्याला मी एका शब्दात गुंड करून टाकलं होतं. मी पळालो. बाहेर पाऊस, पायात जँडल्स (म्हणजे आपल्या रबरी सपाता), एक पत्रपेटीपाशीच राहिली. नशीब, की कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी (इथे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात) बाई दूध घ्यायला थांबल्या होत्या. मी तिथे पोचलो तेव्हा तोंडातून फक्त 'फॉर, फॉर' एवढंच निघत होतं. दुकानदार नवसारीचा गुजराती, त्याला वाटलं मला चार वस्तू हव्यात, मग वाटलं ॲटॅक आला, त्याने खुर्ची आणली. श्वास आल्यावर मी बाईंना समजावलं, की हा माणूस कुणाचं वाईट करणार नाही, स्वतःचं करेल अशी भीती वाटते. त्या दुधाची बाटली हातात धरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मी तेच समजले होते, शंतनू. तुम्ही घरी जा, पाय पुसा."

पुढचे दिवस कसे काढले ते विचारू नका. लेसच्या घराचे पडदे आता पूर्ण बंद. मी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायलासुद्धा तो दिसत नाही ना हे बघून जायचो. गाडी रिव्हर्स घेताना आरशात त्याचं दार दिसू नये म्हणून आरसा वाकडा करून ठेवला आणि त्यात फाटकाचा खांब गेला. आणि एका रविवारी, विनया ड्यूटीवर असताना, लेस आमच्या हिरवळीवरून सरळ दाराकडे येताना दिसला. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी, लांब. मामा, मी सानिकाला हाक मारून मागच्या खोलीत पाठवणार होतो, तोवर तिने दार उघडून 'किया ओरा, लेस' (हा इथला माओरी नमस्कार) म्हणून त्याचं स्वागतही केलं होतं.

गोणपाटात काठ्या होत्या. माझ्या वालाच्या वेलांना आधार नाही हे त्याने कुंपणावरून पाहिलं होतं. त्याने काठ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवल्या आणि खुर्चीत बसला. मी चहात साखर घालत राहिलो.

"तू तिला सांगितलंस," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. 

त्याने सांगितलं की ती बाई त्याच्याकडे आली तेव्हा कपाटाची किल्ली त्याने आधीच टेबलावर काढून ठेवली होती, आणि तिने विचारायच्या आत तिच्याकडे सरकवली होती. बंदुका आता ठाण्यात आहेत. मला काही समजेना. मी विचारलं की मग माझं नाव तरी कशाला दिलंस, तुझे इतके जुने शिकारी दोस्त आहेत.

"त्यांनी मी ठणठणीत आहे असंच सांगितलं असतं," लेस म्हणाला. "तू घाबरट आहेस. मला वाटलं, तू सांगशील."

मामा, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी घाबरट म्हणालं आणि बरं वाटलं. मग तो रडला, मीही रडलो, आणि सानिका आम्हा दोघांना बिस्किटं देऊन टीव्ही बघायला निघून गेली. विनयाने दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरकडे नेलं. औषध चालू झालंय, मुलगी येऊन राहिली आहे, आणि गुरुवारी तो आमच्याकडे जेवतो (आमटीबरोबर तांब्याभर पाणी पितो, पण ताट स्वच्छ करतो). मतदानाला आम्हाला त्यानेच गाडीतून नेलं. वाटेत मी विचारलं, मत कुणाला. तर म्हणाला, पास्कोला, सरकारने सज्जन माणसाच्या कपाटात डोकावू नये.  विनया खिडकीबाहेर बघत होती.

पास्को निवडून आले. मिसेस टली पडल्या, पण त्यांना मतं बरी पडली.

सुलेखाला आशीर्वाद सांगा. तुम्ही जपून राहा.

आपला भाचा,
शंतनू

ता. क. विनयाला वाटतं माझी दोन्ही मतं मिसेस टलींच्या बाजूला गेली. एक गेलं. दुसऱ्या वेळी शेजारच्या आडोशात लेसचे बूट दिसले आणि खूण पास्कोंच्या पक्षापुढे पडली. हे तुमच्यापाशीच ठेवा.

आणखी ता. क. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं आणि हेच शेवटाला राहिलं. सुलेखा फोनवर म्हणाली की तुम्ही हल्ली काजूच्या बागेत जात नाही, माकडं झाडावर बसून नासधूस करतात तरी हाकलत नाही, पण ठासणीची बंदूक मात्र रोज पुसून खाटेशी ठेवता. मामा, ती कुडाळच्या ठाण्यात जमा करा. निवडणुकीच्या वेळी सरकारी हुकमाने दर खेपेला करताच. आता कुठली निवडणूक म्हणून हवालदार विचारेल, तर सांगा, भाचा घाबरट आहे, त्याच्या हट्टासाठी. माझं नाव बिनधास्त घ्या.

अजून एक. हे पत्र पोचेल त्यानंतरच्या शनिवारी सुलेखा येणार आहे, तिला मीच सांगितलंय. दोघं मिळून जा. माझ्यावर राग येईल तुम्हाला, येऊ दे. रागावून चार पानं लिहा, मला शिव्या द्या, पण या खेपेला लिहा. मी रोज पत्रपेटी उघडून बघतो आहे.