कट्यारीच्या पोटातली लहर

मी, कौतिक जीवराम लोहार, वय ७१, राहणार साक्री, जिल्हा धुळे, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दडपण आणायला आलेल्यांना चहा पाजून परत पाठवले आहे.

१. स्वकष्टाचे राहते घर मुलगा गिरधर यास. छत गळते, तेही त्याचेच.

२. धाकटा भाऊ रुपचंद, राहणार धुळे, यास काही नाही. माझे नाव त्याने आधीच घेतले आहे. मी कट्यारीसाठी लोखंड व पोलादाचे थर तापवून, ठोकून एकजीव करतो. पाते घासून पातळ तेजाबात, म्हणजे ॲसिडात, बुडवले की पोलाद काळे पडते, लोखंड उजळ राहते आणि पोटातली लहर वर येते. रुपचंद बाजारच्या साध्या पात्याला मेण फासतो, कंगव्याने रेघा ओढतो, तेजाबात टाकतो आणि 'भाऊंच्या हातचे' म्हणून विकतो. विचारले तर म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाईकले लहर पाहिजे. पोटमा काय शे, कोन देखस?" त्याच्याच दुकानात बसणारा गिरधर यावर हसला. पोटचा मुलगा!

३. भट्टी, ऐरण, घण, तेजाबाच्या बरण्या, सर्व सून सुनंदाबाई, गिरधरची बायको, हिला. कारण द्यावे लागत नाही. पण मला द्यायचे आहे. रुपचंदच्या मुलाच्या लग्नात नवरदेवाच्या हाती अशीच 'माझी' कट्यार होती. मांडवभर वाहवा. सुनंदाबाईने ती मागून घेतली, पॉलिशपेपरने लहर घासून काढली, शेजारच्या दुकानातून तेजाब आणून पाते त्यात धरले. खऱ्या पात्याची लहर परत येते. हे सगळे सारखेच काळे पडले.

"आबा, येना पोटमा काहीच नही," ती सर्वांदेखत मला म्हणाली.

गिरधरने तिला मांडवातूनच हाकलले. ती माझ्याबरोबर साक्रीच्या एस.टी.त बसली. तिचे पहिले पाते तेजाबात जास्त राहिले, धारच खाल्ली गेली. ती डोळे पुसून पुन्हा भट्टीपाशी बसली. आता माझे हात कापतात. पाती तीच बुडवते. बाईमाणूस ऐरणीवर शोभत नाही, असे गावातले जाणकार म्हणतात. त्यांचे विळे तिनेच घडवले आहेत.

४. गेल्या आठवड्यात गिरधरने तिला परत बोलावणे धाडले. उत्तर तिच्याच शब्दांत नोंदवतो: "त्यासले सांगा, मी कामवर शे. येवानं व्हई तं साक्रीले या. घण माराले मानूस पाहिजे."

यात मला दुरुस्ती सुचली नाही.

साक्षीदारांनी वाचून, हसू आवरून, माझ्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार: झुलाल पुना अहिरे, अभिमन भिकन पाटील
सही: कौतिक जीवराम लोहार
साक्री, १२ मार्च १९८९